तेवीस कुंड्या, एक बादली

तुमच्या गॅलरीत कुंड्या किती आहेत? चटकन उत्तर देता येत नसेल, तर तुम्ही अजून सेफ आहात. मला विचाराल तर तेवीस. हा आकडा मी झोपेतसुद्धा सांगू शकते. २०२३ च्या मे महिन्यात रोज सकाळ-संध्याकाळ त्या मोजणं हे माझं कामच होऊन बसलं होतं. आज कोण गेलं, कोण राहिलं, कोण उद्यापर्यंत टिकेल... अगदी आयसीयूत राउंड घेणाऱ्या डॉक्टरसारखं!

पावसाळ्यात बाग काय, कोणीही करतं. जूनमध्ये कुंडीत नुसती काडी खोचली तरी तिला पालवी फुटते आणि आपल्या हाताला गुण आहे असं उगाचच वाटायला लागतं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन बघून आलं की परतताना स्कूटीवर पायाशी दोन पिटुनिया असतातच. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. पुण्याच्या उन्हाळ्याचं पूर्वी कौतुक होतं म्हणे, दुपारी ऊन आणि रात्री गोधडी. २०१९ च्या एप्रिलअखेर पारा ४३ अंशांच्या आसपास गेला, त्यानंतर ते कौतुक मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

त्यात आमची गॅलरी पश्चिमेची. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, मी आणि माझी रूममेट. घर दाखवताना मालक कौतुकानं म्हणाले होते, "वेस्ट फेसिंग आहे, काय सनसेट दिसतो!" दिसतो ना. पण त्याआधी दुपारी दोनपासून साडेसहापर्यंत तो सूर्य आमच्याच गॅलरीत मुक्कामाला असतो. रात्री दहा वाजता कठड्याला हात लावा, गरम लागतो.

या गॅलरीत काय काय होतं ते आधी सांगते. मोगरा, जास्वंद, तुळस, सदाफुली, कढीलिंब, पुदिना, गवती चहा, अळू, कोरफड, मिरच्या दोन, टोमॅटो चार, भेंडी तीन, आणि बाकी रूममेटनं सेलमध्ये आणलेली शोभेची मंडळी. यातला मोगरा सगळ्यात सीनियर. वाईला आजीच्या परसात जो मोगरा आहे, त्याच्या फांदीपासून केलेलं रोप. मी पुण्यात नोकरीला आले (तेव्हा नोकरी होती!) तेव्हा आजीनं तो डालड्याच्या जुन्या डब्यात लावून दिला होता. एसटीत मांडीवर घेऊन आणलाय.

नवीन भाडेकरू

मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस गॅलरीचं दार उघडलं आणि फर्रकन काहीतरी उडालं. टांगत्या कुंडीत स्पायडर प्लांट होता, त्याच्या लांब पानांच्या मधोमध वाटीएवढं घरटं. काड्या, मुळं, कुठलीशी दोरी, आणि आमच्याच झाडूचे दोन हीर! डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीखाली लाल डाग म्हटल्यावर ओळख पटायला वेळ लागला नाही. लालबुड्या बुलबुल. दोन दिवसांत एक अंडं, मग दुसरं, मग तिसरं. फिकट गुलाबी, वर तांबूस ठिपके.

पहिल्या दिवशी जाम भारी वाटलं. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, 'हाऊ क्यूट' गोळा केले. दुसऱ्या दिवशी झारी घेऊन गॅलरीत गेले तेव्हा ट्यूब पेटली. या कुंडीला पाणी घालायचं कसं?

हिशोब असा. बुलबुलाची अंडी उबायला साधारण चौदा दिवस लागतात. पिल्लं घरट्यात राहतात आणखी बारा-एक दिवस. म्हणजे जवळजवळ चार आठवडे त्या कुंडीला हात लावायचा नाही. तेही मे महिन्यात, पश्चिमेच्या गॅलरीत. स्पायडर प्लांट वाचवायचा की अंडी, असा सरळ प्रश्न होता, आणि उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. झाड नर्सरीत साठ-सत्तर रुपयांना मिळतं.

पण प्रकरण एका कुंडीवर थांबलं नाही. शेजारच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता. कापसाच्या पांढऱ्या बोळ्यांसारखा दिसतो तो. एरवी मी औषध फवारून मोकळी झाले असते. आता फवारणार कशी? बुलबुल फळं खातात हे खरं, पण पिल्लांना किडे-अळ्याही भरवतात. मग जुना टूथब्रश घेतला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि एकेक फांदी घासत बसले. नंतर साध्या पाण्यानं पुसून घ्यायची. चार दिवसांआड हा कार्यक्रम. त्यात लक्षात आलं, की कुंडीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागलीय. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा निघतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, अगदी आपण म्हशी पाळतो तशा. ढेकूण काढायचा तर आधी मुंग्यांची वाट बंद करायला हवी. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली आणि अर्धं काम झालं. इतकी वर्षं मी नुसतीच फवारत होते!

लिफ्टशेजारची नोटीस

आणि मग ती नोटीस लागली. "पाणीटंचाईमुळे सोसायटीस टँकर मागवावे लागत आहेत. तरी सभासदांनी व भाडेकरूंनी गॅलरीतील कुंड्यांना नळाचे पाणी घालू नये." 'व भाडेकरूंनी'च्या खाली दोन रेघा. म्हणजे आम्हीच.

त्या वर्षी एल निनोमुळे पाऊस लांबण्याची भीती होती. पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांतून येतं. चारही काठोकाठ भरली तर साठा होतो सुमारे २९ टीएमसी, आणि त्यातूनच शेतीचंही पाणी सोडायचं असतं. महापालिकेनं १८ मेपासून दर गुरुवारी पाणी बंद ठेवायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबानं.

माझी पहिली रिअॅक्शन सांगू? राग. पार्किंगमध्ये रोज सकाळी पाइप लावून गाड्या धुतल्या जातात, त्या नोटिशीत नव्हत्या. मी तावातावानं कमिटीला द्यायचं पत्रसुद्धा लिहायला घेतलं. ते ड्राफ्टमध्येच राहिलं, कारण मध्ये आमच्या मावशी आल्या.

मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी-फरशीला येतात त्या. गुरुवारच्या पहिल्या बंदनंतर, शुक्रवारी, मी नोटिशीला न जुमानता झारी भरभरून घालत होते. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं आज दोनच हंडे आले." टोमणा नव्हता. बस उशिरा आली हे सांगावं तसं सांगितलं. मी झारी खाली ठेवली. काय बोलावं सुचेना.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं, 'जलदूत' गाडी, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या ग्रुपमध्ये जोरजोरात चर्चा झाल्या होत्या आणि सगळ्यात जोरात माझ्याच होत्या. त्याच वर्षी पुण्यातही दिवसाआड पाणी होतं, पण हॉस्टेलला टँकर यायचा, त्यामुळे ते आम्हाला फारसं कळलं नाही. आता माझ्या हातात नऊ लिटरची झारी होती, आणि समोर दोन हंड्यांत सहा माणसांचं घर चालवणारी बाई.

उपायही मावशींनीच सुचवला. "तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मोरीत सोडता, ते धरून ठेवू का मी?"

आजीची मोरी

खरं तर हे मला सुचायला हवं होतं. वाईच्या घरी स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी पन्हळीतून मागच्या परसात जायचं. तिथं केळी आणि अळू. त्यांना कोणी कधी वेगळं पाणी घातलेलं मी पाहिलं नाही, आणि आळूची फदफदं मात्र दर श्रावणात असायची. कढीलिंबाला आंबट ताकाचं भांडं विसळलेलं पाणी. तेव्हा भांडी राखेनं घासत, त्यामुळे मोरीचं पाणी झाडांना चालायचं. फ्लॅटमध्ये आल्यावर मोरीचं सिंक झालं, पन्हळीचा पाइप झाला, आणि ते सगळं पाणी तीन मजले खाली निघून जायला लागलं.

तर सिंकमध्ये एक घमेलं आणि ओट्याखाली वीस लिटरची बादली ठेवली. पहिल्या दिवशी मापून बघितलं. तांदूळ, डाळ, पोहे धुतलेलं अडीच लिटर. भाज्या, कैऱ्या, पुदिना धुतलेलं साडेचार. माठ विसळताना आणि बाटल्यांत उरलेलं दीड. शेजारच्या फ्लॅटमधल्या जोडप्याचा एसी रात्रभर चालतो, त्याची नळी त्यांनी हसत हसत आमच्या कॅनमध्ये सोडली, त्याचे दोन लिटर. (मुंबईच्या दमट हवेत एसी यापेक्षा पुष्कळ पाणी देतो, पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एवढंच.) एकूण साडेदहा लिटर. आधी मी दिवसाला दोन झाऱ्या, म्हणजे अठरा लिटर घालत होते.

काही चुका केल्या, त्या तुम्ही करू नका. पास्ता उकडलेलं पाणी मिठाचं असतं, ते झाडांना नको. एकदा घातलं आणि सदाफुली गेली. तांदळाचं पाणी त्याच दिवशी वापरून टाका. दुसऱ्या दिवशी त्याला जो वास येतो, त्यावर रूममेटनं मला घराबाहेर काढायची धमकी दिली होती. साबणाचं पाणी वेगळंच ठेवा. चहाचा चोथा धुऊनच घाला, नाहीतर साखरेला मुंग्या, आणि मुंग्यांचं पुढचं तुम्हाला आता माहितीच आहे. वॉटर प्युरिफायर आरओचा असेल तर तो जेवढं पाणी देतो त्याहून जास्त बाहेर टाकतो. ते बघून मला आधी लॉटरी लागल्यासारखं वाटलं होतं, पण त्यात क्षार खूप. कुंडीतल्या मातीवर पांढरी साय धरायला लागली. मग ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात, आणि तिथलं वाचलेलं साधं पाणी तुळशीला. केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी वगैरेही लोक छातीठोक सांगतात. मी करून पाहिलं. चिलटं भरपूर झाली.

कोणाला पाणी, कोणाला नाही

साडेदहा लिटर आणि तेवीस कुंड्या म्हटल्यावर निवड आलीच. इथं मन घट्ट करावं लागतं.

टोमॅटो आधी सोडले. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं, रात्रीही उकडायला लागलं, की टोमॅटोला फूल येतं पण फळ धरत नाही, फूल गळून जातं. मग महिनाभर त्याला पाणी पाजून मिळणार काय? मिरचीचंही बरंचसं तेच, पण मिरचीचं झाड चिवट, ते पावसाळ्यात परत उभं राहतं. म्हणून तिला जगण्यापुरतं. भेंडीला उन्हाचं वावडं नाही, ती ठेवली. (उत्पन्न : आठवड्याला सहा भेंड्या. दोघींना पुरत नाहीत, पण फोटोला पुरतात.) कोरफडीला आठवड्यातून एकदा. शोभेच्या झाडांपैकी निम्मी रूममेटच्या आत्याकडे बिबवेवाडीला रिक्षातून पाठवली, तिथं बोअरवेलला पाणी होतं.

उरलेल्यांची जागा बदलली. एकेकट्या कुंड्या जास्त लवकर वाळतात, म्हणून सगळ्यांना एका कोपऱ्यात खेटून ठेवलं, मोठी बाहेरच्या बाजूनं, लहान मध्ये. फरशी तापते म्हणून खाली विटा. वर हिरवी जाळी, पन्नास टक्के सावलीची. आणि सगळ्यात मोठा फरक पडला तो मातीवर घातलेल्या आच्छादनानं. नारळाच्या शेंड्या आणि सोसायटीच्या गेटजवळ पडलेला वाळका पाला, चार बोटं जाड. पूर्वी संध्याकाळी बोट खुपसलं तर माती भाकरीसारखी कडक लागायची, आता आत ओल राहायला लागली. या पाल्याचं महत्त्व श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून फार पूर्वी सांगून ठेवलंय, मातीपेक्षा पाल्यावर भर देऊन बाग करा म्हणून. पुण्यात 'ब्राऊन लीफ' नावाचा गट आहे, ज्यांच्याकडे पाला जास्त झालाय आणि ज्यांना तो हवाय त्यांची गाठ घालून देतो. आमच्या गेटजवळ मात्र तो रोज सकाळी जाळला जायचा. वॉचमनकाकांना सांगितलं, "मला द्या." त्यांनी चार पोती दिली. त्यांच्या कपाळावरच्या आठीचा अर्थ मी लावायला गेले नाही.

मोगरा तेवढा उन्हातच ठेवला. त्याला सावली दिली तर पानं येतात, फुलं नाहीत. बहर नव्या फुटीवर येतो, म्हणून एक बहर संपला की शेंडे खुडायचे. आणि कळ्या धरल्या असताना पाणी चुकलं तर त्या गळतात. त्या साडेदहामधले दीड लिटर एकट्या मोगऱ्याचे. हे मी रूममेटला सांगितलं नव्हतं. आता वाचेलच ती.

वाटीभर बाग

इतकं करून खायला काय मिळालं, हा प्रश्न माझ्या आईचा. पुदिना मिळाला. अर्ध्या सावलीत, ओल्या कुंडीत तो उन्हाळाभर येतो. त्याची कैरी घालून केलेली चटणी हे आमचं त्या महिन्यातलं डिनर, पोळीबरोबर, ब्रेडबरोबर, नुसती. गवती चहा मिळाला. माझ्या कुंडीतल्या दोन मिरच्या घालून आंब्याची डाळ केली. चैत्र कधीच संपला होता, पण हळदीकुंकवाला कुठं जाता आलं नव्हतं, म्हणून उशिरानं. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून जाडसर वाटायची, त्यात किसलेली कैरी, मीठ, साखर, आणि वर हिंग-मोहरीची फोडणी कढीलिंब घालून. कढीलिंब तोडून फोडणीत पडेपर्यंत दहा सेकंद. हे सुख मंडईतल्या कढीलिंबाला नाही.

डाळ भिजवलेलं पाणी बादलीत. कैऱ्या धुतलेलं पाणी बादलीत. आमच्याकडे जेवायला येणारे मित्र हात धुतानासुद्धा विचारायला लागले, "हे कुठं सोडू?"

पक्ष्यांसाठी पाण्याची पसरट मातीची ताटली ठेवली होतीच. त्यातही एक भानगड आहे. पाणी रोज बदलायला हवं आणि ताटली घासायला हवी. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि पुण्यात डेंगीची हौस कोणाला नाही. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, एक खार रोज दुपारी येऊन पाणी पिऊन भेंडीचं कोवळं बोंड घेऊन जायची. कबुतरांना मात्र मी धान्य टाकत नाही. त्यांच्या विष्ठेनं फुप्फुसांचे आजार होतात हे डॉक्टर पुष्कळ वर्षं सांगतायत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल.

आणि बोका. सोसायटीचा नारिंगी बोका मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या गॅलरीच्या कठड्यावर दिसायला लागला. घरट्यातून चिवचिव ऐकू यायला लागली त्याच दिवसापासून.

किल्ली

तीनपैकी दोन अंडी उबली. तिसरं तसंच राहिलं. पिल्लं म्हणजे नुसत्या उघड्या चोची, बाकी काही नाही. आई-बाप दोघं दिवसभर फेऱ्या मारत होते. आणि माझं २२ मेचं वाईचं जाणं ठरलेलं होतं, आठ दिवस. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डोळ्यात थेंब दिवसातून चार वेळा घालायचे, तिला ओणवं होऊ द्यायचं नाही, चुलीपाशी जाऊ द्यायचं नाही. हे पुढं ढकलण्यासारखं नव्हतंच. रूममेट त्याच आठवड्यात बंगलोरला ट्रेनिंगला.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंशी माझं तोवर फक्त लिफ्टमधलं हसणं. त्या कमिटीवर. नोटिशीतल्या त्या दोन रेघा त्यांच्याच असाव्यात अशी माझी खात्री होती. तरी गेले. दार उघडल्यावर बादलीचं, पिल्लांचं, आजीचं सगळं एका दमात सांगून टाकलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, आधी आत तर ये." मग, "रेघा मी नाही मारल्या. पण पाणी वाया घालवतेस असं मलाही वाटलं होतं हो." किल्ली ठेवून घेतली. त्यांचं स्वतःचं डाळ-तांदळाचं पाणीही वर आणीन म्हणाल्या.

वाईत मी थेंब घालत होते आणि फोन बघत होते. गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. आजी डोळ्यावर हिरवा चष्मा लावून खालूनच ओरडत होती, "कावळे बघा गं!" दिसत काही नव्हतं, पण कावळ्याची चाहूल तिला बरोबर लागत होती. तिला पुण्याच्या पिल्लांचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "आणि मोगऱ्याला पाणी कोण घालतंय?"

सहाव्या दिवशी काकूंचा फोन. एक पिल्लू खाली पडलंय. पंख फुटलेत, उडता येत नाही. बोका कठड्यावर. "हात लावला तर आई टाकून देते म्हणतात ना गं?" ही समजूत आपल्या सगळ्यांची आहे आणि ती चुकीची आहे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. "उचला आणि घरट्यात ठेवा, काकू." फोन चालूच होता. स्टूल सरकवल्याचा आवाज, बुलबुलांचा कलकलाट, मग काकूंची धाप. "ठेवलं." त्यानंतर दोन दिवस त्या स्वतःचं विणकाम घेऊन आमच्या गॅलरीत बसत होत्या. दुपारच्या उन्हात, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन.

मी ३० मेच्या रात्री परतले. घरट्यात पिल्लं नव्हती. काकूंनी सकाळी दोघांना समोरच्या गुलमोहरात जाताना पाहिलं होतं. उडत नव्हे, धडपडत. बुलबुलांची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि आई-बाप पुढं काही दिवस झाडाझुडपात त्यांना भरवत राहतात. पुढचे चार दिवस गुलमोहरातून तोच चिवचिवाट येत होता, त्यामुळे मी तरी काकूंवर विश्वास ठेवलाय. बोका काही बोलला नाही.

तेवीसपैकी सहा कुंड्या रिकाम्या झाल्या होत्या. स्पायडर प्लांटची पानं पार कागदासारखी झालेली. टाकून द्यायला म्हणून कुंडी उतरवली, ओढून पाहिलं, तर मुळांना मुळ्यासारखे पांढरे फुगीर गड्डे. हे झाड त्यात पाणी साठवून ठेवतं, हे मला माहीतच नव्हतं. पानं कापली, पाणी घातलं, दहा दिवसांत कोंब आले.

मावशींनी मेच्या सुरुवातीला, मोगऱ्याचे शेंडे खुडले तेव्हा, त्यातल्या दोन जाड काड्या मागून नेल्या होत्या. कोणी सांगितलं असतं तर मी म्हणाले असते, मेमध्ये मोगऱ्याची काडी लावू नका, जगणार नाही. त्यांनी तेलाच्या डब्यात लावली, दाराशी, हंडे विसळतात त्या जागी. पाऊस त्या वर्षी फार उशिरा आला, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. त्यानंतर कितीतरी दिवसांनी, गणपतीच्या आसपास, त्या एकदा कामाला आल्या आणि डब्याच्या झाकणातून चार कळ्या काढून आमच्या माठात टाकल्या.

माझ्या मोगऱ्याला त्या आठवड्यात एकही नव्हती.